विमानाचं कापड शिवणारी जयवंता

बेगमपेठच्या विमानतळाला लागून पत्र्याची एक मोठी शेड होती आणि त्या शेडच्या पोटात एक लांबट खोली. त्या खोलीत बारा महिने पिकल्या केळ्यांचा वास भरलेला असे. नवा माणूस आत आला की इकडेतिकडे बघायचा, घड कुठे टांगलाय म्हणून. केळी नव्हतीच. तो वास रोगणाचा होता. विमानाच्या कापडावर रोगणाचे हात चढवले की कापड आक्रसायचं, डफासारखं ताणून बसायचं, टिचकी मारली की टण्ण बोलायचं. तासभर त्या वासात बसलं की डोकं कापसासारखं हलकं व्हायचं आणि आपण बसलोय की तरंगतोय, याचा भरवसा वाटेनासा व्हायचा.

जयवंताला ते तरंगणं आवडायचं. ती मांडी घालून बसायची, मेण लावलेला दोरा सुईत ओवायची, आणि टाके घालता घालता कुठल्या कुठे जायची. कधी मांजरेच्या काठी, माहेरच्या करडईच्या रानात. कधी नुसतीच ढगात. हात मात्र चुकत नसत. एका इंचात आठ टाके. ना सात, ना नऊ.

डाकोटा विमान सगळं पत्र्याचं, पण शेपटीचे हलते भाग आणि पंखांच्या मागच्या कडेला वरखाली होणारी झापडं कापडाची असतात, हे हैदराबादेत फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या झापडांवर विमान वळतं, कलतं, सरळ होतं. मंजिरा एअरवेजच्या पाच डाकोटांची ही सगळी शिवण ज्या दोन माणसांच्या हातची होती, त्यांतली एक जयवंता.

ती उदगीरकडच्या एका कुणब्याची लेक. नवरा उमाजी कंपनीत हमाल होता. प्रवाशांच्या पेट्या विमानात चढवायचा, उतरवायचा. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर गावाकडचं थोडं निवळलं तेव्हा त्यानं तिला शहरात आणलं आणि नल्लकुंट्यात एका तेलुगू घरमालकाच्या मागच्या अंगाची खोली घेतली. एकोणपन्नास सालच्या थंडीत त्यानं पेट्यांवर टाकायची फाटकी ताडपत्री घरी आणली. जयवंतानं ती गोधडीच्या टाक्यानं शिवून दिली. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात एका म्हाताऱ्यानं उमाजीला अडवलं, ताडपत्रीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ये टाका किसने डाला जी?"

"घरवालीनं," उमाजी घाबरत म्हणाला.

"कल उनकू लेके आओ."

ते रहीमुद्दीन उस्ताद. त्यांनी आधी फौजेचे तंबू शिवले होते, मग हौशी लोकांच्या उडण्याच्या क्लबातली लहान विमानं, आणि कंपनी निघाल्यापासून हे डाकोटे. दोघे मुलगे कराचीला निघून गेले होते. उस्ताद याकुतपुऱ्यातच राहिले. का राहिलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मेरी सुई इधर है."

पहिल्या महिन्यात त्यांनी जयवंताची एकच शिवण चार वेळा उसवली. रागानं नव्हे, उसवताना ते गुणगुणत असत. "बेटी, सुई को जल्दी नक्को. कपडा खुद बोलता किधर टोचना." पाचव्या वेळी त्यांनी शिवणीवर कान ठेवला, टिचकी मारली आणि रोगणाचा डबा तिच्यापुढे सरकवला. त्या दिवशी बसमधून घरी जाताना तिला हुसेनसागरचं पाणी नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखं वाटलं. घरी पोचल्यावर तिनं उमाजीला सांगितलं, "आवं, माझी शिवण उडणार हाय."

"आधी भाकर टाक," उमाजी म्हणाला. पण तो हसत होता.

वर्षभर असं गेलं. मग विमानं रिकामी उडायला लागली. पूर्वी जहागीरदार, नवाब, त्यांचे मुनीम, शिकारीला जाणारे पाहुणे असे लोक विमानानं जायचे. जहागिऱ्या गेल्या, तसे ते लोकही गेले. देशभर विमान कंपन्या भरमसाट निघाल्या होत्या, पेट्रोल महागलं होतं, आणि मद्रासच्या विमानात एकवीस खुर्च्यांत चार माणसं बसलेली उमाजी रोज पाहत होता. पेट्या कमी झाल्या, तसा त्याचा चेहरा उतरू लागला. पाचांपैकी एक डाकोटा शेडबाहेर गवतात उभा करून ठेवला. त्याच्या चाकांशी शेळ्या चरत.

त्याच दिवसांत यशवंत डब्याच्या सुट्टीत शेडमधून फिरू लागला. यशवंत बरकतपुऱ्याचा, वडील वकील, घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीच्या. पण हा पोरगा इंजिनांच्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसे. त्यानं आणि आणखी काही मेकॅनिकांनी मिळून कामगारांची संघटना काढली होती. सरकारदरबारी तिची नोंद झाली होती. पण कंपनी तिला मान्यता द्यायला तयार नव्हती.

"म्हंजे काय?" जयवंतानं विचारलं.

यशवंत तिच्यासमोर उकिडवा बसला. "वहिनी, असं बघा. आम्ही साहेबांना दरख्वास्त लिहिली की माणसं कमी करायच्या आधी आमच्याशी बोला. साहेब म्हणाले, यशवंत, तू बोल ना, मी ऐकतो. उमाजी येऊ दे, त्याचंही ऐकतो. पण संघटना म्हणून कुणी आलं, तर मी तुम्हाला ओळखत नाही. मान्यता म्हणजे एवढंच, की आपण सगळे मिळून एक म्हणून त्यांच्यापुढे बसायचं, आणि त्यांनी बोलायचं."

"आन् बोलून काय मागायचं?"

"पहिलं, कुणाला असं एका कागदावर काढायचं नाही. दुसरं, या खोलीला हवा ओढणारा पंखा. हा वास चांगला नाही."

जयवंताला हे पटलं नाही. वास वाईट असेल, पण त्याच वासात तिला ढग दिसत. आणि उस्ताद तर मान हलवून म्हणाले, "साहब मेरेकू पंद्रा साल से जानते. मेरेकू संघटना कायकू?"

साहेब म्हणजे कंपनीचे मॅनेजर एकनाथराव. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी निजामाच्या महसूल खात्यात उमर काढली होती. माणूस सभ्य. शेडमधून जाताना प्रत्येकाचं नाव घेऊन बोलायचे, कुणाच्या घरी मयत झाली तर स्वतः जायचे. जयवंताला ते 'जयवंताबाई' म्हणत. तिच्या जन्मात तिला अहोजाहो करणारा तो पहिला मोठा माणूस.

एक्कावन्न सालच्या वैशाखात एका दुपारी उस्ताद रोगणाच्या डब्याशेजारी कलंडले. जयवंताला आधी वाटलं, हे आपल्याला दिसतंय तेवढंच, खरं नाही. वासानं कधीकधी असं व्हायचं. उस्ताद अगदी सावकाश, पान गळावं तसे खाली गेले. मग त्यांचं डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि ती ओरडली. यशवंतनं आणि उमाजीनं त्यांना उचलून उघड्यावर नेलं. कडुनिंबाखाली बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. ओठ निळसर पडले होते. डॉक्टर म्हणाला, छाती आतून पोखरलीय, या वाफांनीच.

पंधरा दिवसांनी बावीस जणांना पत्रं मिळाली. मंदी आहे, नाइलाज आहे, कंपनी आपल्या सेवेची आभारी आहे. बाविसांत उस्तादांचं पत्र होतं. ते त्यांना यशवंतनं वाचून दाखवलं. उस्तादांनी ते परत घेतलं, चार घड्या घातल्या आणि विचारलं, "साहब खुद दस्तखत किये?"

"हो."

"मेरा नाम सही लिखे?"

"हो उस्ताद."

"फिर तो उनोंच लिखे," उस्ताद म्हणाले. आपल्या सुयांची डबी त्यांनी जयवंताच्या हातात दिली आणि ते गेटाकडे चालू लागले. वाटेत गवतातल्या विमानापाशी थांबून त्यांनी शेपटीवर टिचकी मारली. आवाज कसा आला, ते लांबून कुणाला ऐकू आलं नाही.

खोलीत जयवंता एकटी उरली. दोघांचं काम एकटीवर आलं. आता तिला त्या वासात ढग दिसेनात. टाके घालताना समोर कुणीतरी सावकाश कलंडतंय असं वाटत राही; मान वर केली की रिकामी बैठक.

ती आपणहून यशवंतकडे गेली. तो इंजिनाखाली होता. ती वाकून म्हणाली, "भाऊजी, माझं नाव लिवा."

यशवंत बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "आधी उमाजीभाऊंना विचारा."

उमाजीनं त्या दिवशी जेवताना घास खाली ठेवला. "तू काय करायलीस तुला कळतंय का? दोघंबी एकाच कंपनीत. दोघंबी गेलो तर गावाकडं कोणत्या तोंडानं जावं?"

"उस्तादचं काय चुकलं व्हतं?"

"काईच न्हाई. म्हणूनच भ्या वाटतंय," उमाजी म्हणाला. तेवढ्यावर ते बोलणं थांबलं. नाव मात्र लिहिलं गेलं.

बरकतपुऱ्यातल्या वकिलांनी, म्हणजे यशवंतच्या वडिलांनी, मजूर खात्याकडे अर्ज केला. खात्यानं ठरवलं: आमचा अधिकारी येईल, एकेका कामगाराला समोर बोलावून विचारेल, तू या संघटनेचा आहेस का. निम्म्याहून जास्त हो म्हणाले, तर कंपनीनं मान्यता द्यावी. कंपनीनंही हे कबूल केलं. मोजणीला तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत एकनाथरावांनी एकेकाला बोलावलं. जयवंताची पाळी आली तेव्हा त्यांनी शिपायाला बाहेर पाठवलं.

"जयवंताबाई, तुमच्या हातासारखा हात मद्रासला नाही. मी तुम्हाला कायम करणार आहे. कापडखोलीच्या मुकादम तुम्ही. पुढे हाताखाली दोन बाया देईन."

तिनं पदर सावरला.

"कधी विमानात बसलात?"

तिनं मान हलवली. "न्हाई साहेब."

"गुरुवारी दुरुस्तीचं विमान वर नेऊन बघायचंय. तुम्ही शिवलेलंच आहे. बसा त्यात. मी सांगून ठेवतो." मग म्हणाले, "त्या कागदावरचं नाव आपल्याला काय करायचंय? आपण घरची माणसं."

घरी तिनं उमाजीला सगळं सांगितलं. त्यानं तंबाखू मळली. मग म्हणाला, "बसून तर ये. मी हज्जार पेट्या चढवल्या, पर एकदाबी आत बसलो न्हाई. एकानं तरी बघावं."

गुरुवारी सकाळी ती नवं लुगडं नेसून आली. विमानात प्रवासी नव्हते. वजन व्हावं म्हणून खुर्च्यांवर वाळूची पोती पट्ट्यांनी बांधून ठेवली होती. पंखामागच्या एका खिडकीपाशी पोत्यांच्या मध्ये जयवंताला बसवलं आणि तिलाही तसाच पट्टा बांधला. इंजिनं गरजली, सगळं थरथरलं, तिनं डोळे मिटले. आणि मग थरथर एकाएकी गेली.

डोळे उघडले तर खाली हुसेनसागर होता, ताटात ओतलेल्या पाण्यासारखा. बंधाऱ्यावरच्या रस्त्यावरून एक बस मुंगीच्या चालीनं सरकत होती. विमान दक्षिणेकडे वळलं. मुसी नदी ओल्या लुगड्याच्या पिळ्यासारखी पसरली होती, चारमिनारचे चार हात वर आले होते, आणि पलीकडे उघडे खडक, एकावर एक ठेवलेले, कुणी खेळून तसेच टाकून गेल्यासारखे. धुरकट उन्हात सगळं शहर झोपेत कूस बदलत होतं. आवाज असूनही तिला शांत वाटत होतं. वाळूची पोती शेजारी गुमान बसली होती, जुन्या ओळखीच्या बायांसारखी. आपण रोगणाच्या खोलीत तर नाही ना, म्हणून तिनं श्वास ओढून बघितला. वास नव्हता. हे खरं होतं.

मग विमान कललं, आणि पंखाच्या मागच्या कडेचं झापड तिच्या डोळ्यांदेखत वर उचललं गेलं. त्याच्यावरची रोगणाखालची शिवण तिनं ओळखली. चार वेळा उसवलेली तीच. तिच्या आधाराला याकुतपुऱ्यापासून गोवळकोंड्यापर्यंतचं सगळं आभाळ टेकलं होतं आणि ते फाटत नव्हतं. खाली कुठेतरी उस्ताद लाकडी तक्तपोसावर बसून खोकत असतील. तिनं त्यांचं घर शोधून बघितलं. तेवढ्या वरून घरं वेगळी ओळखू येत नव्हती.

ती खाली उतरली. एकनाथराव सावलीत उभे होते. "काय, कसं वाटलं?"

"लई चांगलं, साहेब." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती खरंच बोलत होती.

"मग लक्षात ठेवा."

"ठिवते," ती म्हणाली.

मोजणी सोमवारी झाली. शेडच्या एका कोपऱ्यात टेबल मांडलं होतं. मजूर अधिकारी चष्म्याचा, वरंगळकडचा, तुटक हिंदुस्तानीत बोलणारा. एका बाजूला एकनाथराव, दुसऱ्या बाजूला यशवंत. नाव पुकारलं की पुढे जायचं, उत्तर द्यायचं. लोक छातीशी हात बांधून रांगेत उभे होते. काहीजण हो म्हणाले, काही नाही, आणि काहींनी साहेबांकडे बघितलं आणि मग काय म्हणाले ते अधिकाऱ्याला दोनदा विचारावं लागलं.

जयवंताचं नाव आलं.

"आप इस संघटना में हैं?"

"हाव."

अधिकाऱ्यानं खूण केली. एकनाथरावांनी पेन खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता, ते दुखावले होते. "जयवंताबाई, मी तुम्हाला बहिणीसारखं वागवलं."

जयवंता पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिला वाटलं, आपण अजून वरच आहोत, आवाज कुठूनतरी लांबून येतोय. मग तो आवाज तिचाच निघाला. "तुमी चांगलेच, साहेब. उस्तादबी तुमाला चांगलेच म्हणायचे. पर तुमचा चांगुलपणा किती जणाला पुरावा? मंदी आली की तो बी कमी पडतो. म्हणून कागद पायजे."

अधिकाऱ्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि पुढचं नाव पुकारलं.

उमाजीची पाळी बऱ्याच वेळानं आली. तो जयवंताकडे न बघता टेबलापाशी गेला. विचारल्यावर त्यानं आधी खाकरून घेतलं, डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, आणि पेटी जमिनीवर ठेवावी तसं, अलगद, "हाव" म्हणाला.

एकशे अडतीस जणांत चौऱ्याहत्तर हो निघाले.

मान्यतेचं पत्र दिवाळीच्या आत आलं. पहिल्या बैठकीला संघटनेकडून पाच जण गेले, त्यांत जयवंता होती. एकनाथरावांनी उठून पाचही जणांना बसायला सांगितलं. काही गोष्टी मिळाल्या, काही नाही. बाविसांतले नऊ जण परत आले. उस्तादांना वयामुळे घेतलं नाही. त्यांना निरोपाची रक्कम आणि औषधपाणी मिळालं. कापडखोलीच्या भिंतीला भोक पाडून पंखा बसवला, आणि केळ्यांचा वास बाहेर शेळ्यांकडे जाऊ लागला. मुकादमीचं बोलणं पुन्हा कधी निघालं नाही. जयवंतानंही काढलं नाही. पंखा लागल्यापासून खोलीतली तिची स्वप्नं पातळ झाली, हे तिला जाणवायचं. कधीकधी ती मुद्दाम पंखा बंद करून घटकाभर बसे आणि मग स्वतःलाच रागावून उठे.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी ती आणि उमाजी याकुतपुऱ्याला गेले. उस्ताद वाळले होते, पण डोळे तसेच. त्यांनी चहा मागवला, पंख्याचं विचारलं, कायम झालीस का विचारलं. ती नाही म्हणाली तेव्हा ते "हौला साहब", म्हणजे खुळा साहेब, एवढंच पुटपुटले. मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "बेटी, ऊपर से कैसा दिसता?"

इतकी वर्षं विमानं शिवून उस्ताद एकदाही वर गेले नव्हते. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी मागितलं नव्हतं.

जयवंतानं सांगायला सुरुवात केली. तिच्या मराठीत त्यांची दखनी मिसळत गेली. पाणी कसं दिसतं, बस कशी सरकते, वाळूची पोती कशी बसली होती. उस्ताद मध्ये मध्ये विचारत, "मक्का मशीद दिसी?" "हौ." "मीरआलम का तलाव?" तो तिला नीट आठवत नव्हता, पण ती म्हणाली, "दिसला, चांदीवाणी." उस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. उमाजीही मिटून बसला होता. ऊन गच्चीवरून उतरलं तरी ती बोलतच होती.

त्रेपन्न साली सरकारनं सगळ्या कंपन्या एकत्र करून आपल्याकडे घेतल्या. मंजिरा एअरवेजचं नाव विमानांवरून खरवडून काढलं. एकनाथराव निवृत्त झाले, यशवंतची बदली कलकत्त्याला झाली. नव्या संघटनेचं नाव इतकं लांब होतं की जयवंताला ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, पण कमिटीत ती अकरा वर्षं होती. सभा लांबली की मागच्या खुर्चीवर तिला हमखास डुलकी लागे. चेहऱ्यावर हसू असे, त्यामुळे कुणी उठवत नसे. मत टाकायची वेळ आली की शेजारचा हळूच कोपर लावायचा. जयवंता डोळे उघडायची, आणि हात वर करण्याआधी विचारायची, "कशासाठी?"